आईवडील गावी आणि तुम्ही शहरात: मोबाईलवरून डॉक्टरचा सल्ला घ्यायची नीट पद्धत

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. पेशंट इथले, त्यांची मुलं पुण्या-मुंबईत, काहींची दुबईला नाहीतर अमेरिकेत, त्यामुळं हल्ली पेशंट दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच त्याची शुगर, बीपी, ईसीजीचा फोटो, सोनोग्राफीचा रिपोर्ट असं सगळं माझ्या मोबाईलवर येऊन पडलेलं असतं, कधी कधी रात्री अकराला, आणि खाली एकच ओळ असते, "मॅडम बघा ना, काळजीचं काही नाही ना?" लोक काळजीनंच पाठवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या फोटोवर नाव अर्धं कापलेलं, वय नाही, त्रास काय होतोय ते नाही, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते नाही, आणि उत्तर मात्र लगेच हवं असतं.

पूर्वी आमचं काम म्हणजे नाडी बघणं, बीपी मोजणं, केसपेपरवर लिहिणं आणि अख्ख्या घराची हिस्ट्री डोक्यात ठेवणं. आता मोजणं बरंचसं घरी गेलं, नोंदी फोनमध्ये गेल्या, काही ठिकाणी एक्स-रेवर पहिली नजरसुद्धा कॉम्प्युटर टाकतो. डॉक्टरच्या वाट्याला उरलंय ते जास्त अवघड काम, म्हणजे आलेल्या एवढ्या आकड्यांतला कुठला खरा, कुठला चुकीच्या पद्धतीनं मोजलेला, कुणाला आत्ताच्या आत्ता बोलवायचं, कुणाला महिन्यानं चालेल आणि कुणाला सांगायचं की काही झालेलं नाही, निवांत झोपा. हे ठरवणं जमतं कधी, तर माझ्यापर्यंत जे पोचतं ते नीट पोचलं तर. आणि ते पोचवायचं काम आता तुमच्याकडं आलंय. ते कसं करायचं तेवढंच इथं सांगते.

आधी हे, कॉल कधी करायचाच नाही

छातीत दाब येतोय, डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं दुखतंय, दरदरून घाम सुटलाय, तर व्हिडिओ कॉल नको, फोटो नको, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा आणि जिथं ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात न्या. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर तो पक्षाघात असू शकतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. म्हणजे घरातून निघून, स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठून, स्कॅन होऊन इंजेक्शन सुरू व्हायचं ते सगळं या साडेचार तासांत बसवायचंय. अशा वेळी "आधी मॅडमना विचारून बघू" म्हणून जी वीस मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ती वेळ मात्र लिहून न्या, तिथले डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार.

साप चावला, पिकावर मारायचं औषध पोटात गेलं, गरोदर बाईला रक्तस्राव सुरू झाला, लहान बाळ भराभर श्वास घेतंय आणि दूध ओढत नाही, डोक्याला मार लागून उलट्या होतायत, यातलं काहीही असलं तरी थेट दवाखाना. निघाल्यावर वाटेतून डॉक्टरला कळवा, त्याचा उपयोग होतो, आम्ही पुढं फोन करून ठेवू शकतो.

आणि स्मार्टवॉचबद्दल इथंच सांगून टाकते. मुलगा परदेशातून येताना बापाला घड्याळ आणतो, ते मनगटावर ईसीजी काढतं, चांगली गोष्ट आहे, ठोके अनियमित पडत असतील तर ते सापडायला त्याची मदत होते. पण हार्ट अटॅक त्याला कळत नाही, कंपन्या स्वतःच तसं लिहून देतात. दवाखान्यातला ईसीजी बारा बाजूंनी हृदय बघतो, घड्याळ एकाच बाजूनं. छातीत दुखतंय आणि घड्याळ "सगळं ठीक" म्हणतंय म्हणून घरी बसू नका.

फाईल तयार करा, आणि ती एका बैठकीत होते

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन तास काढा. घरात जेवढे जुने कागद असतील, देव्हाऱ्याखालचे, कपाटातले, पिशवीतले, ते सगळे काढा आणि तारखेप्रमाणं लावा. दिवसाच्या उजेडात, टेबलावर सपाट ठेवून, वरून सरळ फोटो काढा, फोनमध्ये कागद स्कॅन करायची सोय असते ती वापरलीत तर उत्तम, एका आजाराचे सगळे कागद एका पीडीएफमध्ये येतात. फाईलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग काय आहे ते, म्हणजे "२०२४ मार्च शुगर" असं, शोधताना आपोआप ओळीनं सापडतं. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो दाबला जातो आणि ईसीजीच्या बारीक चौकटी पुसट होतात, मग आम्हाला त्यातून काही मोजता येत नाही.

एक्स-रे, सीटी, एमआरआयचं वेगळं. खिडकीला लावून काढलेला फिल्मचा फोटो बघून पक्कं मत देणं धोक्याचं असतं. सेंटरवाले सीडी देतात किंवा हल्ली लिंक पाठवतात, ती जपून ठेवा, आणि सोबतचा टाईप केलेला रिपोर्टही. दोन्ही लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र तुम्हालाच लिहायचाय. एकच पान. वर नाव, वय, वजन. मग कोणते आजार आणि कोणत्या सालापासून, कोणती ऑपरेशनं झाली, कोणत्या औषधाची अॅलर्जी, तंबाखू-मिश्री-दारू आहे का (खरं लिहा, आम्ही रागावत नाही), आणि मग चालू औषधं. औषधं लिहिताना ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं ते लिहा, म्हणजे टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५०० असं. यात किती घोळ असतो ते मी रोज बघते. आजोबांना बीपीची गोळी इथून चालू असते, मग ते लेकीकडं मुंबईला राहायला जातात, तिथले डॉक्टर वेगळ्या ब्रँडची लिहून देतात, आजोबा दोन्ही प्रामाणिकपणे घेतात आणि उठलं की चक्कर येते. पाकिटं वेगळी, रंग वेगळा, आतला घटक एकच. हे व्हिडिओ कॉलवर मला कधीच दिसणार नाही, पट्ट्यांचे फोटो असतील तर दहा सेकंदात दिसतं. त्यामुळं घरातल्या सगळ्या पट्ट्या एका ताटात मांडून फोटो काढा, त्यात दुकानातून स्वतः आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेल्या पुड्या, सगळं आलं पाहिजे. अंगदुखीच्या गोळ्या तर आवर्जून, कारण त्यातल्या बऱ्याच रोज घेतल्या की किडनीला त्रास देतात आणि बीपी वाढवतात, आणि लोक त्यांना औषध धरतच नाहीत.

अॅडमिट होऊन आलेल्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर हॉस्पिटलकडं मागता येतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणं भरती पेशंटचे कागद डॉक्टरांनी ३ वर्षं जपायचे असतात आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. लेखी अर्ज करा, नम्रपणे मागा, तो तुमचा हक्क आहे.

आभा कार्ड काढायचं का?

काढा. आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी नंबर, हे मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं. नंबर फुकट मिळतो, आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरून मोबाईलवर काही मिनिटांत निघतो, आणि सक्तीचा नाही. बऱ्याच जणांना वाटतं हेच ५ लाखांच्या मोफत उपचाराचं कार्ड, तर ते नाही, ते आयुष्मान कार्ड वेगळं. आभा म्हणजे फक्त नोंदींची जोडणी. जी हॉस्पिटलं आणि लॅब या व्यवस्थेत आहेत त्यांचे रिपोर्ट तुमच्या नंबराला जोडता येतात आणि तुम्ही परवानगी दिलीत तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात, ती परवानगी ठराविक मुदतीची देता येते आणि काढूनही घेता येते. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेपाशी क्यूआर कोड लावलेला असतो, आभाच्या अॅपमधून तो स्कॅन केला की माहिती आपोआप जाते आणि टोकन मिळतं, म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं राहायला लागत नाही, हा रोजच्या जगण्यातला फायदा मला फार मोलाचा वाटतो.

फक्त एक, आईवडिलांचा नंबर काढताना मोबाईल कुणाचा जोडताय ते विचार करून ठरवा. ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर येणार आणि आई साताऱ्यात खिडकीपाशी उभी, असं व्हायला नको. आणि छोट्या गावातले बरेच खाजगी दवाखाने अजून कागदावरच चालतात, त्यामुळं आभा काढला म्हणून वरची फाईल फेकून देऊ नका.

घरी मोजताना

बीपीचं मशीन घ्यायचं तर दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या जाडीप्रमाणं असावा, लहान पट्टा जाड दंडावर बांधला तर बीपी खोटं जास्त दाखवतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नाही, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, आणि पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवरून नाही. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटानं परत मोजा, दोन्ही लिहा.

आता खरं महत्त्वाचं. मला एक आकडा नको, मला आठवडा हवाय. दवाखान्यात येण्याआधी किंवा कॉलच्या आधी ७ दिवस, सकाळी गोळी घ्यायच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, वहीत लिहा, पहिल्या दिवसाचे आकडे आम्ही सोडून देतो कारण तेव्हा माणूस मशीनलाच घाबरलेला असतो, बाकीच्यांची सरासरी काढतो. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ च्या वर गेली की आम्ही लक्ष घालतो, दवाखान्यात तीच रेघ १४०/९० ची असते, कारण डॉक्टरसमोर बऱ्याच जणांचं बीपी वाढतंच. हा फरक लोकांना माहीत नसतो. आणि दिवसातून दहा वेळा मोजणारेही आहेत, भांडण झालं की मोजायचं, मॅच हरली की मोजायचं, मग १६० दिसलं की अजून घाबरायचं आणि १७० करायचं. असं करू नका, त्या आकड्यांचा मला उपयोग नाही आणि तुमची झोप जाते.

शुगरला हात साबणानं धुवून पुसा, आंबा खाल्लेल्या बोटावर शुगर जास्तच येणार. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं. स्ट्रिपची मुदत बघा, डबी घट्ट बंद ठेवा. उपाशीपोटी म्हणजे आठ तास काही नाही, चहासुद्धा नाही. लिहिताना "जेवणानंतर २ तास" की "उपाशी" ते लिहा, नुसतं १८० लिहिलं तर त्याचा अर्थ लागत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी लॅबमधूनच करून घ्या.

ऑक्सिमीटर कोरोनात घराघरात आला आणि आता ड्रॉवरमध्ये पडलाय. वापरायचा तर नखाला रंग किंवा मेंदी नको, हात गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. सावळ्या कातडीवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, म्हणून आकडा बरा असला आणि माणूस धापा टाकत असला तर माणसाकडं बघा.

हृदयाचं पंपिंग कमी आहे असं सांगितलेल्या पेशंटसाठी घरातलं सगळ्यात कामाचं यंत्र म्हणजे साधा वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं तर अंगात पाणी साठतंय, धाप लागायच्या आधी फोन करा, गोळी थोडी बदलून अॅडमिट होणं टळू शकतं. असा फोन आला की मला मनापासून आनंद होतो, कारण पूर्वी हा पेशंट मध्यरात्री उशा लावून बसलेला असायचा तेव्हाच कळायचं.

कॉल कुठं लावायचा

आपला नेहमीचा डॉक्टर ऑनलाईन बघत असेल तर पहिली पसंती त्यालाच, त्याला घर माहीत असतं. नाहीतर ई-संजीवनी म्हणजे फोनवरून डॉक्टर दाखवायची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी, त्रास काय तो भरायचा, रिपोर्ट असतील तर चढवायचे, टोकन येतं, नंबर आला की डॉक्टर समोर, आणि संपल्यावर प्रिस्क्रिप्शन फोनवर.

पण आईला स्मार्टफोन वापरता येत नसेल तर त्याहून चांगली वाट गावातच आहे. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, तिथं सीएचओ बसतात, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. ते बीपी-शुगर मोजतात आणि तिथूनच ई-संजीवनीवर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला जोडून देतात. पेशंटच्या शेजारी एक शिकलेला माणूस बसलेला असतो, तो पोट दाबून सांगू शकतो, सूज बघू शकतो. माझ्या मते टेलिमेडिसिनचा, म्हणजे लांबून फोन-व्हिडिओवर डॉक्टरचा सल्ला घेण्याचा, हा सगळ्यात भरवशाचा प्रकार आहे. नुसती स्क्रीन आणि पेशंट यापेक्षा स्क्रीन, पेशंट आणि नर्स हे त्रिकूट कितीतरी बरं. आशाताईंना विचारा, कोणत्या वेळी जायचं ते त्या सांगतील.

अनोळखी डॉक्टर असेल तर नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर विचारा, महाराष्ट्रातला असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर बघता येतं. यात अपमान नाही, नियमच आहे की डॉक्टरनं स्वतःची ओळख आणि नंबर सांगायचा. आणि हॉस्पिटलचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून लगेच लावू नका, अपॉइंटमेंट पक्की करायला पाच-दहा रुपये भरा म्हणून लिंक पाठवणारे ठग याच वाटेनं लोकांना गाठतात. नंबर जुन्या केसपेपरवरून घ्या.

मन ठीक नसेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट.

कॉलवर बसल्यावर

खिडकी पेशंटच्या समोर हवी, पाठीमागं नको, नाहीतर मला काळी सावली दिसते. टीव्ही बंद. फोन कशाला तरी टेकवून ठेवा, हातात हलतो. पट्ट्या, वही, ते एक पान, सगळं शेजारी. कानानं कमी ऐकू येत असेल तर शेजारी एकानं बसून माझा प्रश्न मोठ्यानं सांगावा, पण उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या.

हे मी हात जोडून सांगते. तीन-तीन ठिकाणांहून जोडलेल्या कॉलवर मुलगा बोलतो, सून बोलते, जावई मधेच गुगल करून सांगतात, आणि ज्यांना त्रास होतोय त्या आजी कोपऱ्यात गप्प. मला आजींचा आवाज ऐकायचा असतो. वाक्य पूर्ण करताना दम लागतो का, नेमकं कुठं हात ठेवून दाखवतात, कोणत्या गोष्टीवर थांबतात, हे सगळं माझ्यासाठी तपासणीच आहे, कारण हात लावून बघणं, पोट दाबणं, स्टेथोस्कोप लावणं हे माझ्याकडून गेलेलं असतं. समोर नसलेल्या पेशंटसाठी डॉक्टरला दुप्पट ऐकावं लागतं, आणि तुम्ही तिघं एकदम बोललात तर तेवढं एकच साधन माझ्या हातात होतं तेही जातं. पहिली दोन मिनिटं त्यांची, मग तुमची.

बायकांच्या बाबतीत अजून एक. सुनेला अंगावरून पांढरं जातंय किंवा पाळीचा त्रास आहे आणि सासू शेजारी फोन धरून उभी, तर ती मला खरं काही सांगणार नाही. तिला फोन घेऊन आत जाऊ द्या, दार लावू द्या. हे नवऱ्यानं आधीच करून दिलं तर फार बरं होतं.

डॉक्टर सांगतील तशा काही गोष्टी तुम्हीच करून दाखवायच्या. सूज बघायची तर नडगीच्या हाडावर अंगठ्यानं पाच सेकंद दाबून सोडा, खड्डा राहिला तर कॅमेरा जवळ न्या. श्वास मोजायचा तर छातीवरचा कपडा बाजूला करून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान मुलांत तर नाहीच. पुरळ किंवा जखम दाखवायची तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, एक फोटो लांबून आणि एक जवळून. दहा पावलं चालून दाखवायला सांगितलं तर फोन दुसऱ्यानं धरा.

कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा. त्याऐवजी शेवटी डॉक्टरला तीन गोष्टी विचारून लिहून घ्या, काय वाटतंय, कधी परत दाखवायचं, आणि काय झालं तर वाट न बघता निघायचं. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि रात्री दोन वाजता त्याच्याच उत्तराची गरज पडते.

फोनवर कोणती औषधं मिळतात

टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० ला आले, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी. त्यात औषधांच्या याद्या आहेत. ताप, सर्दी, जुलाबाची साधी औषधं, पॅरासिटामॉल, ओआरएस वगैरे, कोणत्याही प्रकारच्या कॉलवर सांगता येतात. काही औषधं, पेशंटला आम्ही पहिल्यांदाच बघत असलो तर, व्हिडिओवर बघूनच लिहायची. काही फक्त फॉलोअपमध्ये, म्हणजे त्याच आजारासाठी पेशंटला गेल्या ६ महिन्यांत समोर बघितलेलं असेल तरच वाढवता येतात. आणि शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणातल्या औषधांची ही सरकारी यादी) व अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवर देता येत नाहीत, झोपेच्या बऱ्याच गोळ्या यात अडकतात. त्यामुळं डॉक्टर "ही गोळी अशी नाही लिहून देता येणार, या एकदा" म्हणाले तर ते टाळत नाहीयेत, नियम पाळतायत. पेशंटला समोर बोलवायचा अधिकार डॉक्टरला कोणत्याही क्षणी आहे आणि तो वापरणारा डॉक्टर चांगला समजा. साधं गणित ठेवा, बीपी-शुगर-थायरॉईडच्या चालू पेशंटनं दर सहा महिन्यांतून एकदा तरी प्रत्यक्ष येऊन जावं, मधले फॉलोअप फोनवर चालतील.

प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, सही, तारीख आणि पेशंटचं नाव-वय हवं. मेडिकलवाला ते बघूनच औषध देणार. "दोन नंबरची गोळी चालू ठेवा" असा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज म्हणजे प्रिस्क्रिप्शन नाही.

एआय आणि लाल बाण

लॅबच्या रिपोर्टवर लाल अक्षर किंवा बाण दिसला की लोक घाबरतात. तर ती नॉर्मलची रेंज ठरवताना बहुतेक तपासण्यांत शंभर निरोगी माणसांतली मधली पंचाण्णव धरतात, म्हणजे धडधाकट माणसांतही वीसात एकाचा आकडा बाहेर जाणारच. फुल बॉडी चेकअपमध्ये साठ-सत्तर तपासण्या असतात, त्यात दोन-चार लाल न दिसणंच नवल. किती बाहेर आहे, मागच्या वर्षी किती होतं, त्रास काय आहे, हे मिळून अर्थ लागतो, म्हणून जुना रिपोर्ट सोबत पाठवा.

तोच रिपोर्ट आता लोक चॅटबॉटला दाखवतात. मी नको म्हणत नाही. रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला, डॉक्टरला काय विचारायचं ते ठरवायला वापरा, नाव आणि फोन नंबर झाकून. पण त्यानं सांगितलं म्हणून चालू गोळी बंद करू नका, नवी सुरू करू नका. वर सांगितलेल्या २०२० च्या नियमांतही स्पष्ट लिहिलंय की एआय डॉक्टरला मदत करू शकतो, पेशंटला सल्ला देणं किंवा औषध लिहिणं त्याला चालत नाही.

जिथं तो खरंच कामाचा आहे ती जागा वेगळी. टीबी बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या माणसांच्या छातीचा एक्स-रे कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायला मान्यता दिली, मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचं असं सॉफ्टवेअर कितीतरी देशांत वापरात आहे. ज्या तालुक्यात एक्स-रे मशीन आहे पण रेडिओलॉजिस्ट नाही तिथं याचं मोल काय ते मला विचारा. दहा एक्स-रेतून दोन संशयित वेगळे निघतात, त्यांची थुंकी तपासायला जाते, पक्कं निदान तिथं होतं. मग त्या माणसाला समोर बसवून सांगणं की टीबी आहे, पण बरा होतो, सहा महिने गोळ्या सोडायच्या नाहीत, घरच्यांचीही तपासणी करायची, लग्न ठरलंय ते मोडायची गरज नाही, हे काम डॉक्टर, नर्स आणि आशाताईंचं. मशीननं एक्स-रे वाचायचा वेळ वाचवला तर तो वेळ इथं खर्च व्हायला हवा, असं मला फार वाटतं. डोळ्यांचंही तसंच, मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलसोबत गुगलनं मधुमेहानं खराब होणारा पडदा फोटोवरून ओळखायचं काम केलं. शुगर असलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढून घ्यावा, जवळपास अशी सोय आहे का विचारा, दिसायला कमी होईपर्यंत थांबू नका.

शेवटी, उत्तराची वेळ आणि फी

रिपोर्ट पाठवलात की सोबत एवढं लिहा: नाव, वय, त्रास काय आणि कधीपासून, चालू औषधं (त्या पानाचा फोटो), आणि तुम्हाला नेमकं काय विचारायचंय. फॅमिली ग्रुपवर आधी टाकून मग मला फॉरवर्ड करू नका, आईचा रिपोर्ट चाळीस नातेवाईकांनी बघायचं कारण नाही, आधी आईला विचारा. माझ्याकडून दोन तासांत उत्तर आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका, मी ओपीडीत असेन किंवा मेसेज वाचलाच नसेल. तातडीचं असेल तर फोन करा, फोन नाही उचलला तर दवाखाना गाठा.

आणि फी विचारा. मेसेजवर रिपोर्ट बघणं, आकडे जुळवणं, औषध बदलणं यात तेवढाच वेळ आणि तेवढीच जबाबदारी जाते, नियमांप्रमाणं डॉक्टरला ऑनलाईन सल्ल्याची योग्य फी घेता येते आणि त्यानं त्याची पावतीही द्यायची असते. बऱ्याच डॉक्टरांना फी मागायला अवघड वाटतं, बऱ्याच पेशंटना विचारायला, आणि मग दोन्हीकडून घाईत, अर्धवट, "हो चालू ठेवा" असं उत्तर दिलं-घेतलं जातं. वेळ ठरवून घ्या, फी द्या, पावती आणि प्रिस्क्रिप्शन मागा, आणि ते दोन्ही त्याच दिवशी फाईलमध्ये टाका.